मोटर बंद झाली की नॅनो अडकतो: तासगाव तालुक्यातल्या एका टाकी कंट्रोलरचा तपास

तासगावच्या पूर्वेकडच्या एका गावातलं घर. हौदातलं बोअरचं पाणी एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवते. छाटणीच्या आणि फवारणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं बागेत असतात. मोटर बंद करायला कुणी जागेवर नसतं आणि पाणी गच्चीवरून वाहत राहतं. सांगलीत डिप्लोमा करणाऱ्या घरातल्या मुलाने यासाठी स्वतः कंट्रोलर बनवला. त्यात आर्डुइनो नॅनो (हवा तो प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड), एका चॅनेलचं ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल (नॅनोच्या आदेशावर चालणारा स्विच), आयटूसी पट्टी (दोन तारांवर माहिती पोचवणारी) जोडलेला १६ बाय २ एलसीडी, टाकीत वर-खाली बसवलेले दोन प्लास्टिकचे छोटे फ्लोट स्विच आणि १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर एवढं सामान होतं. खालचा फ्लोट पाणी संपल्याचं सांगतो तेव्हा मोटर चालू, वरचा फ्लोट टाकी भरल्याचं सांगतो तेव्हा बंद. नवशिक्याने निवडावा असाच हा प्रकल्प आहे.

त्याने मदतीसाठी पाठवलेला निरोप असा: "सर, टेबलावर नीट चालतंय. मोटरला जोडलं की हँग होतंय. एलसीडीवर चिनी अक्षरं येतात. मग रिसेट दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. कोड चुकलाय का?" सोबत कोडचे चार स्क्रीनशॉट. जोडणीचा एकही फोटो नाही, आकृतीही नाही.

आधी काय काय झालं होतं

पहिल्या रचनेत मोटर थेट मॉड्यूलवरच्या निळ्या रिलेवर होती. त्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं, पण तो आकडा हीटर किंवा दिव्यासारख्या भारासाठी आहे. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना ५ ते ७ अँपिअर घेते, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. त्या झटक्यात रिलेचे काँटॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात. नॅनो "बंद" म्हणतो, रिलेचा दिवा विझतो, मोटर मात्र चालूच राहते. इथे तेच झालं आणि टाकी दुपारभर वाहिली.

त्यावर गावातल्या वायरमनने मोटरसाठी २३० व्होल्ट कॉईलचा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह सोसणारा, कॉईलने ओढला जाणारा स्विच) बसवून दिला, आणि रिलेकडे फक्त त्या कॉईलला वीज देण्याचं काम ठेवलं. सल्ला अगदी बरोबर होता. नवा बिघाड मात्र त्याच दिवसापासून सुरू झाला, आणि तो कोडमध्ये शोधायला लागल्यामुळे बरेच दिवस वाया गेले. नॅनो बदलून झाला. रिलेच्या आदेशापुढे डिले टाकून झाला. ५ व्होल्टच्या रेषेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून झाला. कशानेच फरक पडला नाही.

कपॅसिटरचा सल्ला नवशिक्यांना सतत दिला जातो, म्हणून त्याबद्दल थोडं. मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मिलिसेकंदांची घसरण सावरतो. रिलेची कॉईल ओढली जाताना ५ व्होल्ट क्षणभर खाली जात असतील तर त्याचा उपयोग होतो. नॅनोसेकंदांत चढणाऱ्या टोकदार झटक्यापुढे मात्र त्याच्या पायांचं आणि आतल्या गुंडाळीचं इंडक्टन्सच आडवं येतं, आणि कपॅसिटर असून नसल्यासारखा होतो. बिघाड कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय लावलेला सुटा भाग लागला तर लागला.

पहिला प्रश्न: नक्की कधी?

नवशिका काय होतंय ते सांगतो. कधी होतंय ते त्याला विचारावं लागतं, आणि बहुतेक वेळा अर्धं उत्तर त्या "कधी"मध्ये असतं. या मुलाला तीन प्रश्न विचारले: मोटर चालू होताना अडकतं, बंद होताना, की मधेच कधीही? अडकतं म्हणजे प्रोग्राम थांबतो, नॅनो नव्याने सुरू होतो, की फक्त एलसीडी बिघडतो? आणि टेबलावर "नीट चालतं" तेव्हा रिलेला काय जोडलेलं असतं?

तिसऱ्याचं उत्तर लगेच आलं: काहीच नाही. रिले नुसता टकटक करत होता, वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून येत होती आणि तारा वीतभर होत्या. म्हणजे टेबलावर जे तपासलं गेलं त्याचा गच्चीखालच्या पेटीशी फारसा संबंध नव्हता. पहिल्याचं उत्तर त्याने दोन दिवस लक्ष ठेवून दिलं: "बंद होतानाच. चालू होताना एकदाही नाही."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. त्यासाठी कोडमध्ये दोन गोष्टी घालायला सांगितल्या. सेटअपमध्ये एलसीडीवर "सुरुवात" हा शब्द दोन सेकंद दाखवायचा. आणि मुख्य लूपमध्ये मिलिस वापरून १३ नंबरच्या पिनवरचा दिवा दर अर्ध्या सेकंदाला चालू-बंद करायचा. इथे डिले चालत नाही, कारण डिलेमध्ये बाकीचा प्रोग्रामही थांबतो. आता बिघाड झाला की तीनपैकी एक गोष्ट दिसणार. दिवा लुकलुकतोय पण एलसीडीवर कचरा आहे, तर प्रोग्राम जिवंत आहे आणि फक्त एलसीडीचा ताल सुटलाय. दिवा थांबला, तर प्रोग्राम कुठेतरी अडकलाय. "सुरुवात" पुन्हा दिसलं, तर नॅनो रिसेट झालाय आणि विजेकडे बघायला हवं.

त्याला पहिल्या दोन्ही गोष्टी दिसल्या, कधी ही, कधी ती. "सुरुवात" एकदाही आलं नाही. म्हणजे ५ व्होल्ट कोसळून रिसेट होण्याची शक्यता मागे पडली, पण पुसली गेली नाही. नॅनोमध्ये ब्राउनआउटची पातळी, म्हणजे ज्याखाली चिप स्वतःहून रिसेट होते तो व्होल्टेज, साधारणपणे २.७ व्होल्टला ठेवलेली असते, तर १६ मेगाहर्ट्झवर त्यातली एटीमेगा३२८पी चिप भरवशाने चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात चिप रिसेट न होता वेडंवाकडं वागू शकते. म्हणून वीज मोजणं भागच होतं. मल्टिमीटरवर रिले चालू असताना ४.९ च्या आसपास व्होल्ट दिसले. मात्र १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या नॅनोवरच्या रेग्युलेटरवर बोट टेकवत नव्हतं, आणि हिशेब केला तर त्याचं कारण कळतं: रिलेची कॉईल सुमारे ७० ओहमची, म्हणजे ७० मिलिअँपिअर, एलसीडीचा उजेड आणि नॅनो मिळून आणखी चाळीस-पन्नास. १२ तून ५ व्होल्ट करताना उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.१२ अँपिअर म्हणजे ०.८ वॉटहून जास्त उष्णता त्या नखाएवढ्या भागात. मूळ बिघाड हा नव्हता, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या पेटीत तो वेगळा बिघाड होणारच होता.

कॉईल वेगळी करून पाहणं

आता बिघाडाची जागा पकडायची होती. यासाठी एक चाचणी प्रोग्राम पुरतो: रिले ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, आणि प्रत्येक फेरीचा आकडा एलसीडीवर. फ्लोट काढून ठेवायचे. मग फक्त रिलेचा भार बदलत जायचं.

आधी कॉन्टॅक्टरची कॉईल सोडून तिथे होल्डरमध्ये ४० वॉटचा जुना पिवळा दिवा. एलईडी दिवा नको, त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. शेकडो फेऱ्या झाल्या, काहीही नाही. मग दिवा काढून पुन्हा कॉईल जोडली, पण मोटरकडे जाणारा एमसीबी खाली पाडून, म्हणजे कॉन्टॅक्टर नुसता खटखट करणार, मोटरला वीज नाही. दहा फेऱ्यांच्या आतच एलसीडीवर कचरा आला आणि १३ नंबरच्या पिनवरचा दिवा थांबला.

या दोन चाचण्यांनी बरंच काही सिद्ध झालं. रिले चालू-बंद होण्याने बिघाड होत नाही. २३० व्होल्ट पेटीत असण्याने होत नाही. मोटरच्या प्रवाहानेही होत नाही. तो होतो कॉन्टॅक्टरच्या कॉईलची वीज तुटण्याच्या क्षणी.

दुसरा पुरावा हवा असेल तर मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ पेटीजवळ धरावा आणि काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवावा. दिवा जोडलेला असताना हलकी टिचकी ऐकू येते. कॉईल सुटताना कडकडीत खरखर येते. ऑसिलोस्कोप नसलेल्या घरात हे सर्वांत स्वस्त मोजमाप आहे. असलेल्यांनीही स्कोपचा प्रोब २३० व्होल्टच्या बाजूला लावू नये: प्रोबची जमिनीची क्लिप थेट अर्थला जोडलेली असते, ती फेजला लागली तर शॉर्ट.

बंद होतानाच का

कॉईलमधून प्रवाह वाहत असतो तेव्हा तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. रिलेचा काँटॅक्ट उघडतो तेव्हा त्या प्रवाहाला वाट उरत नाही. प्रवाह जितका झटकन तुटेल तितका व्होल्टेज वर उसळतो, २३० चा हजारांत जातो. उघडणारी फट अजून केसाएवढी असते, म्हणून तिच्यात ठिणगी पडते, विझते, व्होल्टेज पुन्हा चढतो, पुन्हा ठिणगी. एका "टक"मध्ये असे कितीतरी स्फोट होतात आणि प्रत्येकाची कड नॅनोसेकंदांची असते. इतक्या वेगवान बदलाला शेजारच्या तारेत उडी मारायला जोडणी लागत नाही. दोन तारांमधली हवा आणि प्लास्टिकच कपॅसिटरचं काम करतात. चालू होताना प्रवाह शून्यातून हळूहळू चढतो, म्हणून तेव्हा हा गोंधळ नाही.

पेटीत आयटूसीच्या दोन तारा कॉईलच्या तारांसोबत एकाच झिप टायने छान बांधलेल्या होत्या. नीटनेटकेपणासाठी केलेली ती बांधणीच त्रासाची वाट होती. १६ बाय २ एलसीडी त्या पट्टीमागे चार-चार बिट्स करून माहिती घेतो. मधेच एक खोटी टिचकी आली की अर्ध्या बाइटचा हिशेब चुकतो आणि पुढचं प्रत्येक अक्षर वाकडं येतं. तीच टिचकी आयटूसीच्या व्यवहाराच्या मधे आली, तर वायर लायब्ररी उत्तराची वाट बघत कायमची थांबू शकते. नवीन आवृत्तीत वेळमर्यादेची सोय आहे, पण ती आपण चालू केल्याशिवाय काम करत नाही. अडकण्याच्या दोन तऱ्हा दिसत होत्या त्या या दोन कारणांनी.

"पण रिले मॉड्यूलवर डायोड आहे ना?" हा मुलाचा प्रश्न चांगला होता. आहे, पण तो रिलेच्या स्वतःच्या ५ व्होल्टच्या कॉईलसाठी. कॉन्टॅक्टरच्या कॉईलशी त्याचा संबंध नाही. आणि हे वाचून कुणी कॉन्टॅक्टरच्या कॉईलवर तसाच डायोड लावू नये. ती कॉईल एसीवर चालते, त्यामुळे डायोड दर दुसऱ्या अर्ध्या लहरीत फेज आणि न्यूट्रल सरळ जोडून टाकेल. डायोड फुटेल, एमसीबी पडेल.

स्नबर

एसी कॉईलसाठी उपाय म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडून कॉईलला समांतर लावणं. या जोडीला स्नबर म्हणतात. इथे १०० ओहम, २ वॉटचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ कपॅसिटर वापरला. शिवाय २७५ व्होल्ट एसीचा १४ मिलिमीटरचा एमओव्ही (व्होल्टेज फार उसळला की तो आवरणारा भाग), तोही कॉईललाच समांतर. सांगलीच्या बाजारात तिन्ही सहज मिळतात आणि खर्च किरकोळ असतो.

कपॅसिटरवर "एक्स२" आणि "२७५ व्होल्ट एसी" छापलेलं बघूनच घ्यावं. ०.१ मायक्रोफॅरडचा आकडा १०४ असा लिहितात आणि नवशिक्याच्या डबीत १०४ चे ५० व्होल्टचे चपटे सिरॅमिक कपॅसिटर भरपूर असतात. आकडा तोच म्हणून ते इथे लावले तर ते फुटतात. ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर कपॅसिटरही कायम मेन्सवर ठेवू नये. एक्स२ जातीचा कपॅसिटर मेन्सवरचे झटके सोसण्यासाठी आणि बिघडला तरी पेट न घेण्यासाठी तपासलेला असतो. पाव वॉटचा रेझिस्टरही नको. उष्णता नगण्य आहे, पण तो सहसा २५० व्होल्टपर्यंतचाच असतो आणि इथे त्याला झटके सोसायचे आहेत.

जागा कुठली, यावर गोंधळ होतो. स्नबर रिलेच्या काँटॅक्टवरही लावता येतो, पण मग रिले उघडा असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळत राहतो. ५० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ३२ किलोओहम, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर. लहान कॉईल त्यावर गुणगुणते, कधी नीट सुटत नाही, आणि "बंद" असलेल्या कॉईलवर हात लावला तर झटका बसतो. कॉईलच्या ए१ आणि ए२ या टोकांवर थेट लावला तर ही अडचण राहत नाही. पाय शक्य तितके आखूड, वर स्लीव्ह. कॉईलपासून दोन फूट दूरच्या पेटीत लावलेला स्नबर त्या दोन फुटांच्या तारेला अँटेना बनवतो.

स्नबर लावून तीच ५ सेकंदांची चाचणी पुन्हा चालवली. फेऱ्यांचा आकडा तीनशेच्या पुढे गेला तरी एलसीडी स्वच्छ. मग जे बरेच जण टाळतात ते करायला लावलं: स्नबर पुन्हा काढला. पहिल्या काही फेऱ्यांतच बिघाड परत आला. पुन्हा लावला, गेला. काढल्यावर बिघाड परत येतो तेव्हाच उपाय लागू पडल्याचं म्हणता येतं. नाहीतर तारा हलवताना एखादा सैल स्क्रू घट्ट बसल्यानेही सगळं "दुरुस्त" होतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तक्रार येते.

उरलेली टरटर

मोटरचा एमसीबी वर केला, फ्लोट जोडले, मूळ प्रोग्राम घातला. अडकणं पूर्ण थांबलं होतं. पण आता दुसरी गोष्ट उघडी पडली: टाकी अर्धी असतानाच मोटर मधेच बंद होऊन लगेच चालू व्हायची, कधी तीन-चार वेळा टर्र करून. ही आधीही होत असणार, पण नॅनोच अडकत असल्यामुळे दिसत नव्हती.

कॉन्टॅक्टर टरटरण्याची गावाकडे दोन कारणं असतात आणि ती वेगळी करणं सोपं आहे. रिले मॉड्यूलवरच्या दिव्याकडे बघायचं. दिवा स्थिर आणि कॉन्टॅक्टर टरटरतोय, तर व्होल्टेज कमी आहे. कॉईलच्या आकड्याच्या ८५ टक्क्यांखाली, म्हणजे २३० च्या कॉईलला साधारण १९५ व्होल्टखाली, कॉन्टॅक्टर खेचला जाईलच याची हमी नसते, आणि संध्याकाळी बऱ्याच गावांत तेवढं उतरतं. रिलेचा दिवाही लुकलुकतोय, तर आदेशच नॅनोकडून येतोय. इथे दिवा लुकलुकत होता.

मग नॅनोला खोटं काय दिसतंय? फ्लोटच्या तारा गच्चीवरून खाली पेटीपर्यंत सुमारे १४ मीटर, आणि मोटरच्या केबलसोबत एकाच पीव्हीसी पाइपमधून आणलेल्या. कोडमध्ये इनपुट पुलअप, म्हणजे चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर. दोन्ही फ्लोट उघडे असताना, म्हणजे टाकी अर्धी असताना, त्या १४ मीटरच्या तारेला ५ व्होल्टला धरून ठेवणारं एवढंच. मोटरच्या केबलमधला ५० हर्ट्झ त्या तारेत सहज उतरतो. फ्लोटची तार नॅनोपासून सोडून मल्टिमीटरने एसी मोजलं तर मोटर चालू असताना काही व्होल्ट दिसत होते. तारेच्या टोकांवर २.२ किलोओहमचा रेझिस्टर टेकवला की ते जवळजवळ शून्य होत होते. असं नाहीसं होणारं व्होल्टेज म्हणजे कुठून तरी नुसतं उतरलेलं.

कॉईलच्या चाचणीत हे का दिसलं नाही? फ्लोट तेव्हा काढून ठेवले होते आणि मोटरलाही वीज नव्हती. शिवाय कपॅसिटरवर चालणारी मोटर वीज तोडल्यावर थांबेपर्यंत क्षणभर स्वतःच व्होल्टेज तयार करत राहते. म्हणून वरच्या फ्लोटच्या खोट्या संकेताने मोटर बंद झाली, की त्या क्षणात खालच्या फ्लोटचा खोटा संकेत येऊन ती पुन्हा चालू व्हायची.

उपाय चार स्तरांवर केला. फ्लोटच्या तारांना वेगळा पाइप दिला, मोटरच्या पाइपपासून जमेल तितका लांब, आणि जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. प्रत्येक फ्लोटला नॅनोजवळ ५ व्होल्टपासून बाहेरचा २.२ किलोओहमचा पुलअप, मग १ किलोओहम मालिकेत, आणि पिनवरून जमिनीला (नॅनोच्या जीएनडीला) ०.१ मायक्रोफॅरड. हा ५० व्होल्टचा सिरॅमिक चालतो, कारण ही बाजू ५ व्होल्टची आहे. तिसरं, कोडमध्ये संकेत सलग ३ सेकंद तसाच राहिला तरच मानायचा. ५० हर्ट्झला पुलअप आवरतो, टोकदार झटक्याला कपॅसिटर, आणि पडणाऱ्या पाण्याच्या लाटांवर फ्लोट नाचतो त्याला ते ३ सेकंद. यातलं एक दुसऱ्याची जागा घेत नाही. फक्त कोडमध्ये ३ सेकंद टाकूनही टरटर थांबली असती, पण मग टाकी भरल्याचा खरा संकेतही गोंगाटात हरवून मोटर बंदच न होण्याची शक्यता होती.

चौथा स्तर सर्वांत महत्त्वाचा. वरचा फ्लोट टाकी भरल्यावर मिटत होता. म्हणजे उंदराने तार कुरतडली तर टाकी कधीच "भरली" नसती. तो उलटा केला: टाकी रिकामी असताना मिटलेला, भरली की उघडणारा. या स्वस्त फ्लोटमध्ये खालची क्लिप काढून तरंगणारा तुकडा उलटा बसवला की एवढं होतं. आता तार तुटली, कनेक्टर निघाला, काहीही झालं तरी नॅनोला "भरली" असंच दिसतं आणि मोटर थांबते. जोडीला आणखी एक फायदा: मोटर चालू असताना ही तार फ्लोटमधून जमिनीला घट्ट बांधलेली असते, म्हणून गोंगाट तिला जवळजवळ लागत नाही. खालचा फ्लोट मात्र पाणी संपल्यावर मिटणाराच ठेवला, म्हणजे त्याची तार तुटली तर मोटर चालूच होणार नाही.

पेटी आणि प्रोग्राम

कॉन्टॅक्टर वेगळ्या पेटीत गेला, नॅनोपासून किमान वीतभर लांब, आणि कॉईलच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन. १२ व्होल्टचा अडॅप्टर काढून ५ व्होल्ट, २ अँपिअरचा लावला, थेट ५ व्होल्टच्या पिनवर. असा अडॅप्टर चालू असताना यूएसबी जोडू नये.

रिले मॉड्यूलही बदललं. एका चॅनेलच्या बऱ्याच मॉड्यूलवर ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पोचवून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) असतो, पण दोन्ही बाजूंची वीज आणि जमीन एकच असल्याने तो नावाला उरतो. दोन चॅनेलच्या मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असतो. तो काढला, जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारच्या जमिनीला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर दिला, आणि नॅनोकडून फक्त व्हीसीसी आणि आयएन जोडलं. नॅनोची जमीन या मॉड्यूलला जोडायची नाही. बरेच जण सवयीने जोडतात आणि वेगळेपणा तिथेच संपतो.

ही मॉड्यूल पिन शून्यावर गेली की चालू होतात. कोडमध्ये आधी पिनमोड आउटपुट आणि मग हाय लिहिलं तर मधल्या क्षणी पिन शून्यावर असते आणि प्रत्येक रिसेटला मोटरला एक धक्का बसतो. म्हणून आधी हाय लिहायचं, मग पिनमोड.

वायर लायब्ररीला २५ मिलिसेकंदांची वेळमर्यादा दिली आणि २ सेकंदांचा वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला की नॅनो आपोआप रिसेट करणारा टायमर, चालू केला. वॉचडॉगबद्दल एक सावधगिरी. आयडीईमध्ये (कोड लिहून चढवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसर निवडताना "ओल्ड बूटलोडर" (कोड चढवून घेणारा, नॅनोतच असलेला छोटा प्रोग्राम) निवडावा लागणाऱ्या नॅनोवर वॉचडॉगने रिसेट झाला की बूटलोडरमध्येच पुन्हा पुन्हा रिसेट होत राहतं, दिवा भरभर लुकलुकतो आणि बोर्ड मेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या आर्डुइनोने ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर टाकून घेतला की हे जातं. या मुलाचा बोर्ड जुन्याच बूटलोडरचा होता. स्नबरच्या आधीच कुणी वॉचडॉग सुचवला असता तर एका बिघाडाचे दोन झाले असते.

शेवटी वेळेची मर्यादा. रिकामी टाकी भरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजला आणि त्याच्या दीडपट वेळेनंतर मोटर बंदच, फ्लोट काहीही म्हणो. एलसीडीवर "वेळ संपली" दिसतं आणि बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाही. हौद कोरडा पडला तर पंप रिकामा फिरत राहण्याचा धोकाही याने कमी होतो. बाहेर हाताने चालवण्याचा स्विच ठेवला, कारण नॅनो बिघडला तरी घरातल्या माणसांना पाणी चढवता आलं पाहिजे. ही सगळी २३० व्होल्टची जोडणी वायरमनने केली, अर्थिंग तपासलं आणि आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. रिले मॉड्यूलच्या खालच्या बाजूला मेन्सचे उघडे टाके असतात, म्हणून ते प्लास्टिकच्या स्टँडऑफवर.

हेच शेतातल्या स्टार्टरला जोडायचं असेल तर

घरचं चालू झालं की पुढची मागणी बागेतल्या थ्री फेज मोटरची येते, इथेही आली. तिथे हाच डबा उचलून नेता येत नाही. शेतीपंपाच्या स्टार्टरची कॉईल बहुतेकदा दोन फेजांमध्ये, ४१५ व्होल्टवर असते. २५० व्होल्टचा निळा रिले तिथे चालत नाही, २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर आणि एमओव्हीही नाही. आधी कॉईलवर छापलेला आकडा वाचायचा. ४१५ असेल आणि मीटरपेटीत न्यूट्रल उपलब्ध असेल, तर वायरमनकडून स्टार्टरची कॉईल २३० ची करून घेता येते आणि मग वरचीच रचना लागू पडते. न्यूट्रल नसेल तर ४१५ पासून २३० किंवा २४ व्होल्ट करणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि त्याच व्होल्टेजची कॉईल. ओव्हरलोड रिले आणि फेज गेल्यावर मोटर वाचवणारं यंत्र स्टार्टरच्या मालिकेत जसं आहे तसंच राहिलं पाहिजे, आपला रिले त्यांना वळसा घालून जाता कामा नये. आणि लाईट आल्यावर आपोआप मोटर चालू करणारा ऑटो त्या पेटीत आधीपासून असेल, तर तो आणि आपला कंट्रोलर एकमेकांविरुद्ध आदेश देतील. दोघांपैकी एकालाच ते काम द्यायचं.